बोटीचं इंजिन तापतंय? उन्हाला दोष देऊ नका, पाण्याची वाट तपासा

मे महिन्यात उजनीच्या काठावर एकच वाक्य ऐकू येतं, "मालक, ऊनच एवढं आहे, इंजिन तापणारच की." सोलापूर जिल्ह्यात पारा 43-44 ला टेकतो हे खरं आहे. दुपारी डांबरावर चप्पल चिकटते हेही खरं. पण बोटीच्या इंजिनाला गार करणारं पाणी धरणातून येतं, आणि ते भर उन्हाळ्यातसुद्धा तीस अंशांच्या आसपासच असतं. आतला धातू साठ-सत्तर अंशांवर रोखून धरायला तेवढं पाणी पुष्कळ झालं. इंजिन तापलं म्हणजे पाणी वाटेत कुठेतरी अडलंय.

मी मूळचा शेतातल्या डिझेल पंपांचा मिस्तरी. बोटीची इंजिनं गॅरेजात नंतर यायला लागली. पण डोकं तेच चालतं. मोटार चालू आहे आणि चारीत पाणी नाही, अशा वेळी कुणी आधी मोटार खोलत नाही. विहिरीत डोकावतो, फूटव्हॉल्व्हला काय अडकलंय बघतो, मग पाइप, मग पंप. बोटीच्या इंजिनालाही असंच खालून वर जायचं. लोक मात्र वरून सुरू करतात. थेट हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खोलतात, पॅकिंग फाडतात, दोन बोल्ट मोडतात, आणि शेवटी दोष निघतो खाली जाळीवर चिकटलेल्या दुधाच्या पिशवीत.

हा लेख मुख्यतः आउटबोर्ड इंजिनाबद्दल आहे, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला अडकवतात त्या. डिझेलवाल्यांसाठी पुढे थोडं लिहिलंय.

आधी पाण्याची वाट समजून घ्या

बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या थोडं वर, गिअरच्या खोक्याला दोन्ही बाजूंना जाळीदार फटी असतात. पाणी तिथून आत जातं. त्याच्या वर, उभ्या शाफ्टवरच एक छोटा पंप बसवलेला असतो. त्यात रबरी पात्यांचा इंपेलर फिरतो. आमच्याकडे त्याला नुसतं 'रबरी फॅन' म्हणतात. हा फॅन पाणी नळीतून वर ढकलतो. वर गेलेलं पाणी सायलेंसरच्या भिंती, ब्लॉक आणि हेड यांच्या पोकळ्यांतून फिरतं. तिथे थर्मोस्टॅट असतो, तो ठरलेल्या तापमानाला उघडतो, आणि मग गरम पाणी धुरासोबत खाली पंख्याकडून बाहेर पडतं.

या पाण्यातला थोडा वाटा एका बारीक भोकातून बाहेर येतो. सुतळीएवढी धार. तिला कुणी पिचकारी म्हणतं, आणि बहुतेक जण जे म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. ही धार म्हणजे तुमचा गेज. बोट चालवणाऱ्याने दर दोन मिनिटांनी मान वळवून तिच्याकडे बघायची सवय लावून घ्यावी. पंधरा हॉर्सपॉवरच्या आतल्या बऱ्याच इंजिनांना गरम झाल्याचा भोंगा नसतोच, तिथे धार थांबली हे कळायला दुसरं साधन नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुष्कळ मॉडेलमध्ये ही धार थर्मोस्टॅटच्या आधीच फुटते. त्यामुळे धार जोरात आहे म्हणून हेडमध्ये पाणी फिरतंय असं नाही. धार जोरात, गार, आणि इंजिन मात्र तापलेलं, असं दिसलं तर थर्मोस्टॅट किंवा त्याच्या आसपासच्या पोकळ्या बुजल्यात असं समजायचं.

पाण्याच्या मध्यावर तापलं तर

भोंगा वाजला, जळका वास आला, आवाज जड झाला किंवा धार बंद पडली, तर आधी रेस कमी करा आणि न्यूट्रलला घ्या. धार चालू असेल तर एक-दोन मिनिटं मंद चालू द्या, आतली उष्णता पाण्याबरोबर निघून जाते. धार नसेल तर लगेच बंद करा. "काठापर्यंत जाऊ की कसंबसं" म्हणून ओढत नेलेलं इंजिन नंतर पिस्टन चिकटून माझ्याकडे येतं.

इंजिन बंद केलं की लगेच लंगर टाका. लंगर नसेल तर रशीला बांधलेला दगड. उजनीचं पाणी पसरट आहे, वाऱ्याला अडवायला काही नाही, बंद बोट बघता बघता भरकटते. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. तिथे कारण वारा होता. पण मे महिन्यात दुपारनंतर वळवाचं वारं उठतं तेव्हा मध्यावर बंद पडलेली बोट किती उघडी पडते, हे काठावरच्या कुणाला वेगळं सांगायला नको. लाइफ जॅकेट अंगावर असू द्या, फळीखाली नको.

बोट थांबली की इंजिन वर उचलून खालच्या जाळ्या बघा. जलपर्णीची मुळं, शेवाळाचा गोळा, पिशवी, जाळ्याचा तुकडा, जे असेल ते हाताने काढा. इंजिन चालू असताना पंख्याजवळ हात न्यायचा नाही, न्यूट्रलला असलं तरीही. मग पिचकारीच्या भोकात बारीक तार घालून हलवा. मासेमारीची जाड तंगूसही चालते.

तापलेल्या हेडवर धरणातलं पाणी ओतू नका. हे मी तीनदा लिहायला तयार आहे. गरम ॲल्युमिनियमवर गार पाणी पडलं की हेड वाकतं, नाहीतर चिरतं, आणि दीडशे रुपयांच्या दुरुस्तीचं काम काही हजारांवर जातं. वरचं कव्हर काढून ठेवा, अर्धा तास थांबा. मग चालू करा, धार आली का बघा, आणि आली तर मंद वेगाने घरी. धार आलीच नाही तर वल्ही काढा किंवा दुसऱ्या बोटीला हाक मारा.

कधी तापतं, ते आधी विचारा

गॅरेजात इंजिन आलं की मी पान्याला हात लावायच्या आधी गिऱ्हाइकाला एवढंच विचारतो: नेमकं कधी तापलं? या उत्तरात अर्धं निदान असतं.

चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांत तापलं तर पाणी वर येतच नाही. फॅन गेला, त्याला शाफ्टशी पकडून ठेवणारी छोटी चावी गेली, नाहीतर जाळी पूर्ण बुजली. मंद चालताना ठीक, पण रेस दिली की तापतं, तर पाणी येतंय पण पुरेसं नाही: अर्धी बुजलेली जाळी, झिजलेला फॅन, कुठूनतरी हवा ओढणारा पंप. उलट, मंद चालताना तापतं आणि वेगात गार होतं, तर फॅनची पाती बसलेली असतात. वेगात कशीबशी पाणी फेकतात, हळू फिरताना त्यांच्यात जोर नसतो. मोठ्या इंजिनांत दाबाने उघडणारा आणखी एक व्हॉल्व्ह असतो, तो उघडा अडकला तरी लक्षण हेच. अर्धा-पाऊण तास नीट चालून मग हळूहळू चढत गेलं तर आत क्षार किंवा गाळ बसलाय.

आणि एक प्रश्न: "बोटीत किती जण होते?" यावर सहसा खरं उत्तर मिळत नाही.

खालची जाळी आणि आपला गाळ

उजनीची एकूण क्षमता 117 टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातला 63 टीएमसीहून जास्त भाग मृतसाठा. पाणी त्या मृतसाठ्यात उतरलं की टक्के उण्यात मोजतात, म्हणून आपल्याकडे धरण 'उणे' होतं. 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. पाणी असं ओसरलं की काठ सरकत आत जातो, आणि बोट सोडताना पहिले शे-दोनशे फूट पंखा अक्षरशः काळ्या चिखलात फिरतो. तो चिखल जाळीतून आत जातो, पंपात रबराला घासतो, वर जाऊन ब्लॉकच्या पोकळीत बसतो, आणि इंजिन गरम झालं की भाजल्या विटेसारखा घट्ट होतो. म्हणून उथळ पाण्यात इंजिन वापरूच नका. ढोपरभर पाण्यातून बोट बांबूने ढकलत न्या आणि कमरेएवढ्या पाण्यात आल्यावर दोरी ओढा.

जाळी वरून स्वच्छ दिसते तरी आतून बुजलेली असू शकते. काही इंजिनांत ती स्क्रू काढून निघते. काढता येत असेल तर काढा, जुन्या टूथब्रशने घासा, मागच्या पोकळीत तार फिरवा.

याच पायरीला इंजिनाची उंचीही बघा. फळीच्या उंचीप्रमाणे शाफ्ट लागतो, 15 इंची फळीला आखूड आणि 20 इंचीला लांब. स्वस्तात मिळालं म्हणून आखूड शाफ्टचं इंजिन उंच फळीवर लावलेल्या होड्या मी बघितल्यात. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या बरोबरीत किंवा इंचभर खाली हवी. ती वर राहिली तर लाटेवर जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. अशा बोटीत कितीही नवा फॅन घाला, तो जळणारच.

धारेचं भोक

धार नाही, पण इंजिन हाताला फारसं गरम लागत नाही? मग बहुधा फक्त भोक बुजलंय. आपल्याकडे याचं एक हमखास कारण म्हणजे कुंभारमाशी. बोट पंधरा दिवस काठावर उलटी पडली की ही माशी त्या भोकात चिखलाचं घर बांधते. भोकावरची रबरी नळी आतून काढा, तारेने साफ करा, तोंडाने फुंकर मारून बघा.

रबरी फॅन

तापलेल्या इंजिनांत निम्म्याहून जास्त वेळा माझा हात इथेच येऊन थांबतो, म्हणून इथे जरा वेळ घालवू.

हा फॅन पाण्यावरच जगतो, पाणीच त्याचं वंगण. कोरडं इंजिन "बघू चालू होतंय का" म्हणून काठावर पाच-दहा सेकंद फिरवलं तरी पात्यांची टोकं जळतात. विकत घेताना गिऱ्हाइकाला आवाज ऐकवायला कोरडं चालवून दाखवतात, तेव्हाच त्या इंजिनाचा फॅन गेलेला असतो. सेकंडहँड इंजिन घेतलं की पहिल्या दिवशी फॅन बदला, विचार करत बसू नका. रोज वापर असेल तर वर्षातून एकदा, आणि आपल्यासारख्या गाळाच्या पाण्यात त्याच्याही आधी. पाती तुटलेली नसली तरी एका बाजूला वाकून तशीच राहिली असतील, तर फॅन मेला असंच समजा.

काम असं करा. आधी प्लगची वायर काढा, म्हणजे चुकून शाफ्ट फिरला तरी इंजिन चालू होणार नाही. गिअर कुठे आहे ते कागदावर लिहून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढला तर आणखी बरं. खालचं गिअरचं खोकं चार ते सहा बोल्टांवर टांगलेलं असतं. एखादा बोल्ट काही मॉडेलमध्ये छोट्या पट्टीखाली लपलेला असतो, तो न सापडल्यामुळे लोक पहार घालून खोकं उचकटतात. गिअरची काडी सोडवा, खोकं सरळ खाली ओढा. शाफ्टवर चार बोल्टांची डबी दिसेल. ती खोला.

मागच्या महिन्यात अशीच एक डबी खोलली. सहा पात्यांपैकी चारच शिल्लक. उरलेली चार बोटाने वाकवली तर वाळलेल्या चामड्यासारखी कडक, आणि टोकांना काळी चकाकी. डबीच्या आतल्या स्टीलच्या वाटीवर नखाला लागतील अशा गोल रेघा पडलेल्या. गिऱ्हाईक म्हणालं, "नवीन फॅन टाका, झालं." झालं नसतं. दोन तुटलेली पाती गेली कुठे? एक डबीच्या तोंडाशीच होतं. दुसरं नळीत फुंकर मारली तेव्हा वरच्या वळणातून निघालं, शेंगदाण्याच्या सालीएवढं. ते तसंच ठेवलं असतं तर नव्या फॅनवरही इंजिन तापलं असतं, आणि दोष फॅनच्या नावावर गेला असता. तुटलेले तुकडे मोजून सगळे सापडेपर्यंत जोडणी करायची नाही. वाटीला आणि खालच्या पत्र्याला खोल रेघा असतील तर तेही फॅनसोबत बदला. नुसता फॅन टाकून वाचवलेले पैसे दोन महिन्यांत परत जातात.

बसवताना पात्यांना किंचित भांडी घासायचं पातळ साबण किंवा ग्लिसरीन लावा. साधं ग्रीस रबराला मानवत नाही. वरून बघितलं तर बहुतेक इंजिनांचा शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. म्हणून डबी खाली दाबताना शाफ्ट त्याच दिशेने फिरवत राहा, पाती आपोआप मागे झुकून बसतील. उलट बसली तर पहिल्या चालवण्यातच मोडतात.

आता चावी. शाफ्ट आणि फॅन यांच्यामध्ये एक इवलीशी चावी असते, त्या चावीमुळेच फॅन शाफ्टबरोबर फिरतो. एकदा कंदरकडच्या एका मच्छीमार तात्यांचं इंजिन मी रात्री घाईत जोडलं. चावी फडक्यात गुंडाळली गेली होती ते माझ्या लक्षातच आलं नाही. नवा फॅन, नवी पॅकिंग, सगळं चकाचक, आणि शाफ्ट फॅनच्या आत नुसताच फिरतोय. तात्या पहाटे जाळी काढायला गेले आणि दहा मिनिटांत फोन आला, "पाव्हणं, धार कुठाय?" नशीब त्यांना धारेकडे बघायची सवय होती. तेव्हापासून मी चावी बशीत ठेवतो, आणि बशी रिकामी झाल्याशिवाय खोकं वर चढवत नाही.

खोकं चढवण्याआधी पंप जमिनीवरच तपासून घ्या. खोकं पाण्याच्या टिपात फॅन बुडेल इतकं उभं धरा आणि शाफ्टचं वरचं टोक हातड्रिलने सरळ दिशेने हळू फिरवा. डबीच्या तोंडातून पाणी कारंज्यासारखं आलं पाहिजे. मग चढवताना पाण्याची नळी आपल्या रबरी बुशात नीट बसली का ते बॅटरी मारून बघा. ती बाजूला सरकली तर अर्धं पाणी आतल्या आत गळतं, आणि वर बसून तुम्ही थर्मोस्टॅटला शिव्या घालता.

थर्मोस्टॅट

हेडच्या वरच्या भागात दोन-तीन बोल्टांच्या झाकणाखाली असतो. हे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये चिकटलेले असतात, त्यामुळे आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, आणि पाना लावल्यावर आधी किंचित घट्ट करून मग सोडा. कोकणातून आणलेल्या सेकंडहँड इंजिनात इथे मिठाचा दगड झालेला असतो. तिथे घाई केली की बोल्ट मोडलाच.

काढलेल्या थर्मोस्टॅटवर बहुतेक वेळा उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं. आउटबोर्डला ते साधारण 50 ते 60 अंशांच्या दरम्यान असतं. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने मध्ये लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि मंद आचेवर ठेवा. ताप बघायचा थर्मामीटर यासाठी वापरू नका, तो फुटेल आणि घरात बोलणी बसतील. आकड्याच्या आसपास तोंड उघडायला लागलं पाहिजे, आणि पाणी गार झाल्यावर पूर्ण मिटलं पाहिजे. मधेच कचरा अडकलेला असेल तर धुऊन पुन्हा बघा. तरी उघडत नसेल तर नवाच टाका.

"काढूनच टाकू, कटकट नको" हा उपाय आपल्याकडे फार चालतो. घरी पोहोचण्यापुरता ठीक. पण कायमचा काढला तर इंजिन नेहमी थंडच चालतं, प्लग काळे होतात, पेट्रोल जास्त जातं, आणि फोर स्ट्रोक असेल तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं.

आतला क्षार

धरणाचं पाणी गोडं आहे, त्यामुळे समुद्रातल्यासारखं मीठ आपल्याला छळत नाही. आपण क्षार स्वतः भरतो, तोही इंजिन 'स्वच्छ' करायच्या नादात. टिपात बोअरचं पाणी भरून इंजिन धुतात. सोलापुरातल्या बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलचं काय होतं ते घरोघरी माहीत आहे, तोच पांढरा थर इंजिनाच्या आत बसतो. साखर कारखान्यात बॉयलरवर काम केलेल्या कुणालाही विचारा, असा पातळ थरसुद्धा उष्णता किती अडवतो. धुवायला धरणाचंच पाणी टिपात रात्रभर ठेवून वरचं निवळलेलं घ्या.

थर बसलाच असेल तर थर्मोस्टॅट काढून ठेवा, झाकण परत लावा. बादलीत कोमट पाणी घेऊन लिटरमागे 50 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. वाण्याकडे मिळतं, ढोकळ्यात घालतात ते. आता घरच्या कूलरचा छोटा पंप त्या बादलीत बुडवा, त्याची नळी इंजिनाच्या पाण्याच्या नळीला जोडा आणि खाली पडणारं पाणी परत बादलीत येईल असं करा. अर्धा-पाऊण तास फिरू द्या. पाणी गढूळ होईल, फेस येईल. फेस थांबला की साध्या पाण्याने भरपूर धुवा. रात्रभर ठेवू नका. आणि संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही घालू नका, ते क्षाराबरोबर ॲल्युमिनियमही खातं.

हेडचं पॅकिंग

इथपर्यंत सगळं नीट निघालं, तरी तापतंच आहे, तर मग हेड. प्लग काढल्यावर एखादा प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, फोर स्ट्रोकमध्ये ऑइल दुधाळ चहासारखं झालं, किंवा धारेतून पाण्याबरोबर बुडबुडे यायला लागले, तर पॅकिंग जळालंय. हेड काढल्यावर ते काचेच्या जाड तुकड्यावर ठेवून कडेने फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पानं, घाला. 0.1 मिलिमीटरचं पान सहज आत जात असेल तर हेड वाकलंय. थोडं वाकलेलं असेल तर काचेवर चारशे नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून आठाच्या आकारात घासून सरळ करता येतं. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन फेऱ्यांत, त्या मॉडेलच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळायचे. टॉर्क पाना नसेल तर हे काम घरी करू नका.

पाणी ठीक असूनही तापलं तर

टू स्ट्रोकमध्ये ऑइल कमी पडलं तर पाणी कितीही फिरो, पिस्टन तापणार. बहुतेकांना 50 ला 1, म्हणजे 10 लिटर पेट्रोलला 200 मिली ऑइल. अंदाजाने नको, मापाने घाला. कार्बोरेटरचं जेट अर्धं बुजलं की पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाते, प्लगचं टोक पांढरंफेक दिसतं, तेव्हा कार्बोरेटर साफ करा. पंख्याला जलपर्णी किंवा तंगूस गुंडाळली असेल तर इंजिन ओझ्याखाली कण्हतं. तंगूस पंख्यामागच्या सीलमध्ये घुसली तर गिअर ऑइलमध्ये पाणी जातं, म्हणून पंखा काढून बघाच. आणि आठ हॉर्सपॉवरवर दहा माणसं आणि चार क्रेट चिलापी घेऊन पूर्ण रेसवर निघालात तर त्याला मिस्तरीकडे औषध नाही.

डिझेलवाल्यांसाठी

शेतातलं एक सिलिंडरचं इंजिन होडीत बसवलेलं असेल आणि ते हवेवर गार होणारं असेल, तर पाण्याचं वरचं सगळं विसरा. सिलिंडरभोवतीच्या पंख्यांसारख्या पट्ट्यांमधला तेलाचा आणि धुळीचा लगदा खरवडून काढा, ब्लोअरचं झाकण जागेवर आहे का बघा. पाऊस लागू नये म्हणून इंजिनावर चारी बाजूंनी फळ्या ठोकलेल्या असतात, तिथेच ते गुदमरतं. पाण्यावर गार होणारं असेल तर पाणी घेणाऱ्या पाइपाची जाळी, पट्टा आणि छोटा पंप, याच क्रमाने बघा. मोठ्या लाँचमध्ये कूलंट आणि बाहेरचं पाणी वेगवेगळं फिरतं. तिथे कूलंटची टाकी गरम असताना झाकण उघडायचं नाही, आतलं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

दुरुस्तीनंतर

टिपात फॅनच्या वर पाणी राहील इतकं भरून इंजिन दहा मिनिटं मंद चालवा. टिपातलं पाणीच तापायला लागलं तर बदला, नाहीतर फसवं निदान होतं. हेडवर मारायची इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक असेल तर आकडा 50 ते 75 च्या दरम्यान स्थिरावला पाहिजे, नव्वदीकडे जात असेल तर थांबा. बंदूक नसेल तर हेडवर पाण्याचे दोन थेंब टाका, तव्यावरच्यासारखे चर्र झाले तर कुठेतरी चुकलंय. भोंगा असलेल्या इंजिनात इग्निशनची चावी चालू करून तापमानाच्या सेन्सरची वायर काढून इंजिनाच्या धातूला टेकवा, पुष्कळ मॉडेलमध्ये भोंगा वाजायला हवा. नाही वाजला तर आजवर तो होता म्हणून तुम्ही निर्धास्त होतात, एवढंच.

मग काठाकाठाने पंधरा मिनिटं, एकटे, रिकाम्या बोटीत, पूर्ण रेसपर्यंत. परत आल्यावर गिअर ऑइलचा खालचा स्क्रू किंचित सैल करून थेंब बघा, पांढरट असेल तर सीलमधून पाणी आत जातंय. बोटीतल्या डब्यात एक सुटा फॅन, एक चावी, दोन प्लग, तार, पक्कड आणि दहाचा पाना ठेवा. फॅन मॉडेलच्या नंबरप्रमाणे लागतो आणि आपल्याकडे तो मागवून घ्यावा लागतो, त्यामुळे तो हाताशी असलेला बरा. बोट पंधरा दिवसांसाठी काठावर ओढणार असाल तर धारेच्या भोकात जाड सुतळीचा बोळा खोचून ठेवा, आणि त्याला लाल चिंधी बांधा, म्हणजे पुढच्या वेळी काढायला विसरणार नाही.